साहेबांची शिकवणी

सलून विकल्यावर मास्तरांच्या हातात कंगवा उरला आणि घरात शांतता. बायको देवाघरी गेलेली, मुलगी दुसऱ्या शहरात. टीव्ही दिवसभर बडबडे, पण त्याला 'हो का?' म्हणून काय उपयोग! मग मुलीला कंपनीने परदेशी पाठवलं आणि जाताना ती आपला कुत्रा वडिलांच्या गळ्यात घालून गेली.

निम्मा पूडल, निम्मा कॉकर स्पॅनियल. पूडलचं डोकं आणि स्पॅनियलची माया, दोन्ही गरजेपेक्षा जास्त. कडी कशी सरकते हे त्याला लगेच कळलं आणि मास्तर आंघोळीला गेले तरी बाहेर रडगाणं सुरू. घरात हुकूम त्याचाच, म्हणून मास्तर त्याला साहेब म्हणत.

जन्मभर लोकांच्या डोक्यांवर कात्री चालवलेल्या माणसाला केसांचं कोण शिकवणार? मास्तर रोज वरून कंगवा फिरवत आणि शेजाऱ्यांना ऐटीत सांगत, "याचे केस गळत नाहीत, कटकटच नाही." अहो, पण न गळलेला केस जातो कुठे? आतच गुंततो! लस टोचायला नेलं तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कानामागे बोटं घातली तर तिथे गाठींची घट्ट गादी झालेली. साहेबांना सफाचट करावं लागलं. सोललेल्या बटाट्यासारखा तो कुत्रा घरी आणताना मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग केस वाढू लागले तसे ते रोज दुपारी एकेक थर उचलून मुळापासून विंचरू लागले. त्यात तासभर जाई, आणि तो तास त्यांना सगळ्यात आवडे.

एकदा छातीत दुखलं म्हणून तपासणीला जावं लागलं. परतले तर जिन्यातूनच रडणं ऐकू आलं. साहेबांनी पुढचे पंजे चावून लाल केले होते.

"एकटं राहायची सवयच नाही याला," डॉक्टरीणबाई पट्टी बांधताना म्हणाल्या. "ही कुत्री माणसाला फार चिकटतात. थोडं थोडं लांब राहून शिकवावं लागतं. तुम्ही कधी सोडलंच नाही वाटतं?"

"मलाच करमत नाही हो," मास्तर म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

त्यातच मुलीचा फोन आला, परत येतेय म्हणून. "पण बाबा, मी दिवसभर ऑफिसात. तो एकटा राहणार नसेल तर राहू दे तुमच्याकडेच."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं. मास्तर दोन दिवस गप्प बसले. पण साहेब पट्टीवर जीभ फिरवू लागले की मास्तर जेवणावरून उठत. छातीचा काय भरवसा? उद्या आपण दवाखान्यातून आलोच नाही तर हा दाराशी बसून स्वतःला खाईल.

त्यांनी शिकवणी सुरू केली. चपला घालायच्या आणि कुठेच जायचं नाही. मग दाराबाहेर उभं राहून लगेच आत. मग जिन्यात बसायचं, आतलं रडणं थांबेपर्यंत. येणारेजाणारे विचारत, "मास्तर, सुनेने घराबाहेर काढलं की काय?" "सून आणायला मुलगा कुठे आहे?" मास्तर हसत आणि पुन्हा दाराला कान लावत. आत साहेब रडत तेव्हा त्यांना वाईट वाटे. रडणं कमी झालं तेव्हा त्याहून वाईट वाटलं.

मग एका दुपारी ते बाजार करून, बागेत उगाच बसून घरी आले. जिन्यात आवाज नव्हता. दार उघडलं. साहेब खिडकीखाली उन्हात पसरले होते. त्यांनी एक डोळा उघडला, शेपटी जमिनीवर एकदा आपटली आणि पुन्हा झोपले.

मास्तरांनी पिशवी ठेवली. ठरवल्याप्रमाणे मुलीला फोन लावला.

"ये, घेऊन जा."

"खरंच? राहतो एकटा? रडत नाही ना आता?"

"तो नाही रडत," मास्तर म्हणाले आणि घाईघाईने फोन ठेवला.