आधी कुणाचं भिजलं?

मी इंदापूरला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. भूतकाळाचा धडा आला की मुलं दरवर्षी एकच चूक करतात. "काल मी बारामतीला गेलो होतो" याचं ती "आय हॅड गॉन टू बारामती यस्टर्डे" करतात. आपल्या बोलण्यात 'गेलो होतो' सारखं येतं, म्हणून इंग्रजीतही 'हॅड' घुसतं. मी लाल रेघ मारते आणि सांगते, एकच गोष्ट घडली असेल तर साधा भूतकाळ पुरतो. दोन घडल्या आणि त्यातली आधीची दाखवायची असेल, तिथं 'हॅड'.

हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. आबा चौथीपर्यंत शिकलेले. सणसरला दुसऱ्यांच्या उसाला दारं धरण्यात, म्हणजे पाटाचं पाणी या वावरातून त्या वावरात फिरवण्यात, त्यांची हयात गेली. दहावीला मी हा धडा घेऊन रडत बसले होते. आबांनी काय अडलंय ते विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरच्या वावराचं भिजून झालं हुतं, मग मी खालचं दार फोडलं. आधी कुणाचं भिजलं?"

"वरच्याचं."

"मग त्याला लाव तुजं ते हॅड. खालच्याला कशाला लावतीस? उगं पाणी वाया."

माझे चुलते तात्या शेजारी बसले होते. ते हसून म्हणाले, "आता आबाच जात्यात कॉलेजात मास्तर म्हणून."

घरातली पहिली पदवीधर मी झाले, ती या दोघांच्या जिवावर.

मागच्या वर्षी आबांना बारामतीला दवाखान्यात ठेवलं होतं. जवळ तात्या होते. एका सकाळी दहाला त्यांचा फोन आला. "झोपल्यात. मगाशी तुजी आठवण काढत हुते. तास उरकून ये. घाई न्हाय."

परीक्षा जवळ आली होती. मी दोन तास घेतले. स्टँडवर येऊन मोसंबी घेतली, कारण रसाशिवाय आबांच्या पोटात काही ठरत नव्हतं. साडेबाराची एसटी मिळाली. निमगाव मागं पडल्यावर पुन्हा तात्यांचा फोन आला. "बारामतीला येऊ नगं. आबांना घरी आणतोय, सणसरलाच उतर."

मला वाटलं, डॉक्टरांनी सोडलं. उरलेला सगळा रस्ता मी खूश होते.

अंगणात माणसं बसली होती. कुणी माझ्याकडं बघेना. शेजारच्या काकूंनी पुढं होऊन माझ्या हातातली मोसंबीची पिशवी काढून घेतली. थोड्या वेळानं गाडी आली.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तात्या, पहिल्या फोनला निघाले असते तर आबा भेटले असते का?"

"न्हाय गं," ते लगेच म्हणाले. "मी फोन केला त्याच्या आधीच गेले हुते. कागदं न गाडी हुईस्तवर दुपार झाली. फोनवर कसं सांगायचं? तू एकटी येणार."

आमच्याकडं लांबच्या माणसाला मरण फोनवर सांगत नाहीत. 'जरा बरं न्हाय, ये' एवढंच म्हणतात. त्यामुळं मला ते पटलं. त्या एका वाक्याच्या आधारानं मी परत कॉलेजात गेले, शिकवायला लागले.

दीड महिन्यानं मृत्यूच्या दाखल्याचं काम निघालं. तात्या म्हणाले होते, मी बघतो. त्यांना हेलपाटा नको म्हणून मीच दवाखान्याचं पाकीट घेऊन कचेरीत गेले आणि वाटेत उघडून बघितलं. वेळ लिहिली होती, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं.

इंदापूरहून बारामती दीड तास. दहाला निघाले असते तर आबांजवळ तासभर बसायला मिळालं असतं. आधी फोन आला होता, आबा नंतर गेले. इतकी वर्षं मुलांना मी हेच ओळखायला शिकवत आले. आबा खरंच झोपले होते, तात्या पहिल्या फोनवर खरं तेच बोलले होते. खोटं बोलले ते तिसऱ्या दिवशी, माझ्यासमोर बसून. आणि त्यासाठी फोनवर खोटं बोलल्याचा आळही स्वतःवर घेतला.

संध्याकाळी घरी आले तर तात्या ओट्यावर वाटच बघत होते.

"तू कशाला गेलीस? मी गेलो असतो की." मग खाली बघत, "त्यातलं कागद वाचलंस व्हय?"

"न्हाय तात्या. पाकीट तसंच दिलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "हातपाय धू. च्या ठिवाय सांगतो."