पार्कचं तिकीट नसलेला दिवस

बाबांना तळोज्याच्या कंपनीत पंचवीस वर्षं झाली, तेव्हा त्यांना एक पाकीट मिळालं. त्यांच्या आधीच्या लोकांना भिंतीवरची घड्याळं मिळाली होती. पण त्या वर्षी साहेब बदलले होते आणि नव्या साहेबांना घड्याळ देणं जुनाट वाटलं असावं. पाकिटात एका थीम पार्कच्या हॉटेलात चौघांच्या दोन रात्रींच्या मुक्कामाचं पत्र होतं, आणि पार्कची एका दिवसाची चार तिकिटं. पनवेलहून एक्स्प्रेसवेनं तासाभराचा रस्ता. बाबा केमिकल प्लांटवर ऑपरेटर होते. हॉटेलात राहायची वेळ आमच्यापैकी कुणावरच कधी आली नव्हती.

आम्ही चौघं म्हणजे आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण. मी तेव्हा दहावीत होते, ती पाचवीत. तिच्या हृदयात जन्मापासूनच दोष होता. सहा महिन्यांची असताना एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं ती मोठी झाल्यावर करायचं असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. ती प्रत्येक मजल्यावर थांबून, ज्याचं दार उघडं असेल त्याच्याशी गप्पा मारत वर यायची, त्यामुळे बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या घरी काय शिजलंय ते तिला ठाऊक असायचं. थोडं जास्त चालली की तिचे ओठ जांभळे पडायचे. मला त्याची इतकी सवय झाली होती, की मी ते बघायचीच नाही.

पत्रावर वर्षभराची मुदत होती. तरी बाबांनी डिसेंबरातच जायचं ठरवलं, तेही शाळेचे दिवस बुडवून. माझी प्रिलिम तोंडावर आली होती. मी म्हटलं, मे महिन्यात जाऊ. बाबा म्हणाले, "मे महिन्याचं मे महिन्यात बघू. आता जायाचं हाय." त्यांचा आवाज असा काही होता, की मी पुढे बोलले नाही.

पहिल्याच दिवशी सकाळी सामान हॉटेलात टाकून आम्ही पार्कमध्ये गेलो. तिथे प्रत्येक मोठ्या राइडपाशी एक पाटी होती. उंची इतकी हवी, गरोदर बायकांनी बसू नये, हृदयविकार असलेल्यांनी बसू नये. धाकटी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची आणि हृदयविकाराच्या ओळीवर आली की "ही मी!" म्हणून हात वर करायची, वर्गात हजेरी देतात तसा. रांगेतली माणसं वळून बघायची. मला लाज वाटायची.

आदल्या दिवशी मी तिला शब्द दिला होता, की एका राइडमध्ये मी बसेन आणि पुढच्या वेळी तिच्यासोबत बाहेर बसेन, म्हणजे आईलाही फिरता येईल. मी तो पाळला नाही. एकदा रांगेत शिरले ती शिरतच गेले. बाबा माझ्याबरोबर होते. मी एकटी जाऊ नये म्हणून ते येत होते, हे मला फार नंतर कळलं. त्यांना खरं तर चक्कर येत होती. आई आणि धाकटी दिवसभर बाकांवर बसून राहिल्या. एक छोटी रेल्वे होती, तीत मात्र धाकटी दोनदा बसली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तिकीट नव्हतं. नाश्ता झाल्यावर मी फुगून बसले. खिडकीतून त्या मोठ्या राइडचा लोखंडी सांगाडा दिसत होता. धाकटी मात्र सकाळपासून खुशीत होती. तिनं खोलीतल्या टेबलावरचा कागद घेऊन त्यावर हॉटेलचे मजले आखले होते आणि सगळे मजले बघायचे असं ठरवून टाकलं होतं.

"ताई, चल ना. प्रत्येक मजल्यावर वेगळी चित्रं आहेत. लिफ्टवाल्या काकांनी सांगितलं."

मी म्हणाले, "हॉटेल काय बघायचं असतं? ज्यांना पार्कात काही करता येत नाही, ते बघतात हॉटेल."

आई बाथरूममध्ये होती, बाबा चपला घालत होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं ते रागावतील. पण ते नुसते खाली बघत चपलेचा पट्टा ओढत राहिले, तो केव्हाच बसला होता तरी. धाकटी कागदाची घडी घालून म्हणाली, "मग तू पण बघ. आज तुला पण काही करता येत नाही."

आम्ही निघालो. पहिल्या मजल्यावर जंगल होतं, दुसऱ्यावर समुद्र, तिसऱ्यावर तारे आणि ग्रह. आमची खोली समुद्राच्या मजल्यावर होती. आई उरणजवळच्या करंज्याची, तिच्या बापाची मासेमारीची होडी होती. भिंतीवरची होडी बघून ती म्हणाली, "ह्या होडीला वल्हं कुठं हाय? आणि एवढ्या लाटांत हा मानूस हसतोय कशाला?" धाकटीला इतकं हसू आलं, की तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. मग तिला दम लागला. अजून एक मजला बाकी होता आणि प्रत्येक मजल्यावरचा बोळ लांबच लांब.

लिफ्टपाशी सामानाची ट्रॉली उभी होती, पितळी दांड्यांची, खाली लाल गालिचा. बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, "भाऊ, ही जरा घेऊ का? पोरीला चालवत नाय." त्या माणसानं एकदा धाकटीच्या ओठांकडे बघितलं, ट्रॉलीवरची बॅग उतरवून ठेवली आणि म्हणाला, "घ्या. मला बारापर्यंत लागणार नाही."

धाकटी ट्रॉलीवर मांडी घालून बसली. दोन्ही हातांनी दांड्या धरल्या. लिफ्टनं आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाबा सुरुवातीला हळूहळू ढकलत होते, देवाची पालखी नेतात तसे.

"बाबा, जोरात."

"नको अवो," आई म्हणाली.

"जोरात, बाबा!"

बाबांनी पुढे-मागे बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या बोळात कुणी नव्हतं. पंचवीस वर्षं व्हॉल्व्ह आणि मीटर सांभाळणारा, कधी रस्ता धावत न ओलांडणारा माझा बाप त्या ग्रहताऱ्यांमधून ट्रॉली घेऊन पळत सुटला. धाकटीची वेणी मागे उडत होती. बोळाच्या टोकाला ते थांबले तेव्हा तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती. तिनं वळून आम्हाला ओरडून सांगितलं, "इथे पाटी नाहीये!"

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. माझा राग अजून संपला नव्हता, किंवा तो कसा संपवायचा ते मला कळत नव्हतं.

तळमजल्यावर लग्नाचा हॉल होता. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. आदल्या दिवशी रिसेप्शन झालं असावं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, टेबलांवरची कापडं एका कोपऱ्यात गोळा करून ठेवलेली. स्टेजवर मात्र नवरा-नवरीचा सोफा तसाच होता, मखमली, सोनेरी पायांचा. धाकटी ट्रॉलीवरून उतरली, स्टेजच्या तीन पायऱ्या थांबत थांबत चढली आणि सोफ्याच्या मधोमध जाऊन बसली. आईची ओढणी मागून घेतली, डोक्यावरून घेतली.

"या, या, जेवून जा," ती म्हणाली. "फोटो काढल्याशिवाय जायचं नाही. ताई, आहेर आणलास का?"

बाबांनी खिशातून रुमाल काढला, वाकून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "एवढंच? नवरा बघा कसा तोंड पाडून बसलाय." आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे तिनं असं काही बघितलं, की मला खरोखरच तिथे कुणीतरी तोंड पाडून बसल्यासारखं वाटलं.

मी आईकडे वळले, तर आई तिथे नव्हती. ती हॉलच्या मागच्या पडद्याआड, खुर्च्यांच्या चळतीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं तोंडावर हात धरला होता.

"काय झालं?"

"काय नाय. जा तू."

"आई, काय झालं?"

मग तिनं सांगितलं. हळू आवाजात, एका दमात, जसं काही थांबली असती तर पुढचं सांगता आलं नसतं. धाकटीचं दुसरं ऑपरेशन जानेवारीत होतं. आता थांबता येणार नव्हतं, हृदय थकत चाललं होतं. पण ऑपरेशनात ती वाचेलच असं डॉक्टर म्हणत नव्हते. वाचेल किंवा नाही, दोन्ही सारखंच धरून चाला, असं म्हणाले होते. आई-बाबांना हे दिवाळीच्या आधीपासून ठाऊक होतं. "तुजी परीक्षा हाय म्हनून तुला नाय सांगितला," आई म्हणाली. "तुजा बाबा बोलला, पाकीट आलाय तर पोरींना घेऊन जाऊ. दोघींना."

पडद्यापलीकडून धाकटीचा आवाज येत होता. ती बाबांना फोटोसाठी सरळ उभं राहायला सांगत होती.

मला रडू आलं नाही. मला आधी सकाळचं माझं वाक्य आठवलं, आणि मग बाबा चपलेचा पट्टा ओढत होते ते. मी पडद्याबाहेर आले आणि सोफ्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "ए, ती नवऱ्याची जागा आहे." मी म्हणाले, "तो गेला. मीच बसते." एवढंच सुचलं. माफी वगैरे काही मागितली नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर आई-बाबा जरा आडवे झाले आणि आम्ही दोघी पोहण्याच्या तलावाच्या काठावर पाय सोडून बसलो. पार्क भिंतीपलीकडेच होता. दर थोड्या वेळानं माणसांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या. धाकटी डोळे मिटून ऐकत होती.

"आता वर चाललेत," ती म्हणाली. "हळूहळू. आता थांबले. आता..." आणि बरोबर त्याच क्षणी भिंतीपलीकडून किंकाळी उठली. "आता उलटे. आता पाण्याजवळ. संपलं."

"तुला कसं कळतं?"

"काल दिवसभर ऐकत होते ना बाकावर. मला सगळं पाठ आहे." मग जरा वेळानं तिनं विचारलं, "ताई, खरं सांग. तू घाबरली होतीस?"

आदल्या रात्री मी तिला सांगितलं होतं, की मी अजिबात घाबरले नाही, दोन्ही हात सोडले होते, मज्जा आली. ते सगळं खोटं होतं. मी म्हणाले, "पूर्ण वेळ डोळे मिटले होते. बाबांचा हात इतका दाबला, की त्यांना नखं लागली. उतरल्यावर उलटी झाली मला. तुम्हाला कळू नये म्हणून मी तोंड धुवायला गेले होते."

ती हसायला लागली. थांबेचना. पाण्यात पाय आपटत, पोट धरून हसत राहिली, इतकी की तिचे ओठ गडद झाले आणि मी घाबरून तिची पाठ चोळायला लागले. "म्हणजे तू काहीच बघितलं नाहीस?" ती दम घेत म्हणाली. "मग माझ्याएवढंच झालं की तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी आलो.

जानेवारीच्या शेवटी मुंबईत तिचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी मला दहा मिनिटं तिच्याजवळ बसू दिलं. तेव्हा मी तिला म्हटलं, की हॉटेलात मी जे बोलले, ते मला बोलायला नको होतं. तिनं विचारलं, "काय बोललीस?" मी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं नाही. ती म्हणाली, "मला नाही आठवत." तिला खरंच आठवत नव्हतं, की मला सोडवण्यासाठी ती तसं म्हणाली, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तिची स्मरणशक्ती चांगली होती.

ऑपरेशनातून ती बाहेर आली. डॉक्टरही खूश होते. नंतर तिला ताप आला, तो उतरेना. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. बाबा तिच्याजवळ होते, आई खाली औषधं आणायला गेली होती, मी पनवेलला शेजारच्या काकूंकडे. बिल्डिंगच्या जिन्यात त्या दिवशी सगळ्यांची दारं उघडी होती आणि कुणाच्याच घरी काही शिजत नव्हतं.

मी मार्चमध्ये परीक्षेला बसले. सगळ्यांनी म्हटलं, नाही बसलीस तरी चालेल, पण घरात थांबणं जास्त कठीण होतं. आई अधूनमधून करंज्याला तिच्या भावाकडे जाऊन राहायला लागली. तिकडे वहिनीबरोबर सुकी मासळी निवडत बसायची, आठ-आठ दिवस. बाबा आणि मी तेवढ्यात भात-आमटी शिकलो. आम्ही तिघं एकत्र असलो की बोलणं कमी व्हायचं. प्रत्येकाला वाटायचं, आपण तिचं नाव काढलं तर दुसऱ्याला त्रास होईल. असं दोन-तीन वर्षं चाललं.

बाहेरच्या माणसांनी मुलं किती असं विचारलं, की आई म्हणायची, "एक." दोन म्हटलं की दुसरी काय करते, हा प्रश्न यायचा आणि मग सगळं सांगावं लागायचं. मीही तेच करायला लागले. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी एकुलती एक म्हणून माहीत होते. बाबांसमोर हा प्रश्न निघाला की मात्र ते उठून गॅलरीत जायचे.

माझं लग्न ठरायच्या वेळी मुलाकडची माणसं घरी आली होती. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मुलाच्या आईनं सहज विचारलं, "तुम्हाला ही एकच का?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "नाय. आमाला दोन पोरी."

त्या बाईंनी आत, दाराकडे बघितलं, दुसरी मुलगी बाहेर येईल म्हणून. आईनं कपबशी खाली ठेवली आणि म्हणाली, "धाकटी आमची अकरा वर्षांची व्हऊन गेली. हृदयाचा दुखना व्हता." मग बाबांनी तिच्याबद्दल सांगायला सुरुवात केली. ती प्रत्येक मजल्यावर कशी थांबायची, कुणाकुणाशी बोलायची, केवढ्यानं हसायची. पाहुण्यांचा चहा गार झाला. बाबा मधे दोनदा थांबले, तेव्हा राहिलेलं आईनं सांगितलं.