वैशाखातलं सुकं मटण

माझे घरवाले जहाजावर आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा टाकायचा, हे त्यांचं काम. एकदा गेले की वर्षभर घर दिसायचं नाही. निघताना सासूबाई त्यांना सुक्या मटणाचा डबा बांधून द्यायच्या. जहाजावरचं जेवण त्यांच्या पोटाला मानवत नसे, पण या मटणाचे दोन तुकडे भाजून, ठेचून भातावर घातले की निभायचं. महाडात आमच्या मोहल्ल्यातले बरेच पुरुष जहाजावरच होते, पण सासूबाईंच्या हातचं मटण सगळ्यात जास्त टिकतं, असं शेजारणीही म्हणत.

त्या वर्षी बकरी ईद वैशाखात आली आणि ईदच्या तोंडावरच सासूबाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. बिरवाडीच्या वैद्याचं तेल चोळलं, मौलवींनी फुंकर घालून दिलेलं पाणी पाजलं. काही उपयोग झाला नाही. त्यातच मुंबईहून सांगावा आला, जहाज लागलंय, पंधरवड्यात हजर व्हा.

हे आईच्या खाटेशी बसले. “मी जात नाय,” म्हणाले.

सासूबाईंनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. मोठ्या कष्टानं एकच शब्द बाहेर आला, “जा.”

हातची जागा गेली तर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि घर तिच्यावरच चालायचं. हे उठून अंगणात गेले आणि नुसते उभे राहिले.

मटण करायचं माझ्यावर आलं. वाटणघाटण मी पुष्कळ केलं होतं, पण सुरी सासूबाईंनी कधी माझ्या हाती दिली नव्हती. कुर्बानीची मांडी पाटावर घेऊन मी त्यांच्या समोरच बसले.

“असं कापू का, आई?”

“पातळ.”

मी पातळ कापलं.

“आनखी.”

काही पट्ट्या जमल्या, काही जाड राहिल्या. गोधडीवर त्यांचा डावा हात सुरीसारखा पुढंमागं होत होता. चरबी राहिली की त्या डोळे मोठे करायच्या. मीठ, हळद, तिखट, वाटलेली लसूण आणि कोकमाचं आगळ चोळून मी पट्ट्या मुरत ठेवल्या. सकाळी अंगणात सुंभ बांधून त्यावर टांगल्या, वर मलमलची जुनी ओढणी पसरली आणि कावळे हाकत बसले.

संध्याकाळी एक पट्टी सासूबाईंच्या डाव्या हातात दिली. ती चिंधीसारखी वाकली. “नाय,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊनही नाही, नुसता उकाडा. माश्या ओढणीला जुमानेनात. पट्ट्या आत आणून चुलीवर बांबूला टांगल्या आणि धूर धरला. हे लाकडं फोडून आणून देत होते, मी फुंकणी मारत होते. पण जाड पट्ट्यांना वास आलाच. मी काही बोलायच्या आत तो खाटेपर्यंत पोचला होता.

“टाक,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, थोडं तरी राहू दे...”

“टाक गो.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. पुसायला त्यांनी हात उचलला नाही. ह्यांनी परसात खड्डा खणला आणि आम्ही ते पुरलं.

पातळ पट्ट्या तेवढ्या वाचल्या. निघायच्या दिवशी सासूबाईंनी त्यातली एक वाकवली, ती मोडली. त्यांनी मान डोलावली. डबा अर्धाही भरला नाही, वर मी सुके बोंबील घातले.

दारात बैलगाडी उभी होती. ह्यांनी आईच्या हातावर कपाळ टेकलं. त्या काही सांगू लागल्या. ह्यांनी कान तोंडाशी नेला. शब्द जुळेना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकल्या. बाहेरून गाडीवान ओरडला, “चला, दासगावास्नं लाँच सुटंल!”

गाडीत बसताना ह्यांनी मला विचारलं, “काय म्हनली गो ती?”

“मला पन कळलं नाय.”

भाताची लावणी चालू असताना सासूबाई गेल्या. मुंबईला निरोप धाडला, पण जहाज कुठल्या मुलखात आहे हे कुणी सांगेना.

पुढल्या वर्षी हे परतले ते गल्लीच्या तोंडापासून “आई, आई” करतच. ओट्यावर बसलेल्या बायका एकेक करून आत गेल्या. मी दारात आले. त्यांच्या हातात आईसाठी आणलेली लोकरीची शाल होती. मी दारातून बाजूला झाले, आत सासूबाईंची खाट रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शाल उंबऱ्यावर ठेवली आणि आल्या पावली कबरस्तानाची वाट धरली.

कबर कुठली ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी शेजारच्या चाचांना हाक मारली, “यांच्यासंगं जा हो, दाखवा,” आणि दारातच उभी राहिले.