विसावं पाऊल

सोनाळ्याजवळच्या आमच्या छोट्या जिल्हा परिषद शाळेत गेली अकरा वर्षं वच्छलाबाई पोरांची खिचडी शिजवतात. हजेरी झाली की दारातून विचारतात, "आज किती, गुरुजी?" मी आकडा सांगितला की मगच तांदूळ धुतात. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला तळाची खरपूस हवी, सगळं त्यांना पाठ आहे.

यंदा आकडा एकोणीसवरच अडकला. वीसच्या आतली शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवणार, अशी कुणकुण होती. म्हणजे वच्छलाबाईंची चूलही विझणार. त्यांची नात मंजुश्री यंदा पहिलीला, पण मुलानं, रवीनं, तिचं नाव इंग्रजी शाळेत घातलेलं. मला भयंकर राग आला. खरं तर मला बोलायला तोंड नाही, माझी दोन्ही मुलं मलकापूरला इंग्रजी शाळेतच शिकली.

पहिल्या दिवशी नव्या मुलांना आम्ही सजवलेल्या बैलगाडीतून वाजतगाजत आणतो आणि कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसा घेतो. रवीच्या दारात मंजुश्री टाय लावून व्हॅनची वाट बघत होती. ढोल ऐकला आणि पळत येऊन गाडीत चढली. मी तिला उतरवलं नाही. उलट शाळेत पोचताच घाईघाईनं तिचे बूट काढून आधी तिचाच ठसा घेतला. झाले वीस!

वच्छलाबाई धावत आल्या. नातीला छातीशी धरलं, मुका घेतला. मग पदरानं तिचं पाऊल पुसून बूट चढवू लागल्या.

"राहू द्या ना तिला इथंच," मी अजिजीनं म्हणालो.

"मले नाही वाटत का, गुरुजी? माह्या हातचं खाऊन शिकली असती. पण तिच्या मायबापानं ठरवलं हाय. माही चूल टिकवाले तिले काऊन अडकवू? तुम्ही बी तुमच्या लेकरायचं चांगलंच पाह्यलं ना?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

शोधत आलेली व्हॅन फाटकाशी हॉर्न वाजवत होती. त्यांनी नातीला आत बसवलं आणि व्हॅन वळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "तो पायाचा कागद फाडू नका. मले द्या."

कागद त्यांनी स्वयंपाकाच्या खोलीत चुलीवरच्या भिंतीला चिकटवला. डोळे पुसले, हात धुतले आणि दारात आल्या.

"आज किती, गुरुजी?"

"एकोणीस," मी म्हणालो.