पळणारा ठेका

सकाळी खिडकी उघडली आणि केमिकलचा तो कुजकट वास घशात गेला, तशी माझी बोटं ओट्यावर दादऱ्याचा ठेका वाजवू लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी मानपाड्याला, लाल पाण्याच्या नाल्याशेजारी मी एका म्हाताऱ्या गायकाच्या साथीला तबल्यावर बसलेलो. स्वतः रचलेली गाणी काका पेटी घेऊन असे नाल्यांच्या काठी फुकट गात फिरायचे. नाला कोणते कारखाने नासवतात हे गाण्यात आलं, तोच एक गाडी थांबली. चौघे उतरले आणि हाताची घडी घालून समोर उभे राहिले. ऐकणारे एकेक करून उठून गेले. माझे तळवे घामाने ओले झाले, ठेका पळू लागला. गाणं कसंही करून संपावं एवढंच वाटत होतं. काकांनी पेटी थांबवली. "लय का चढवतोस रे?" "काका, आवरूया ना," मी पुटपुटलो. त्यांनी माझा ओला हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत माझ्या तबल्यापेक्षा जोरात धडधडत होतं. "घाबर, पण लयीत घाबर," म्हणाले आणि मुखड्यापासून पुन्हा सुरू केलं. ते चौघे दोन पावलं पुढे आले, तरी काका शेवटचं कडवं गाऊनच उठले. आता काका नाहीत, वास मात्र आहे. मी खिडकी घट्ट लावली. ओट्यावरचा ठेका पुन्हा पळायला लागला होता.