शुक्रवारची हवा

नवी मुंबई बघायची असेल तर शुक्रवारी जा. आम्ही तसेच गेलो आणि फसलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या सोनूला बाळदमा. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. आमच्या परळच्या खोलीत खिडकी उघडली की गाड्यांचा धूर थेट चहात. माझ्या दादाने रबाळ्याजवळ फ्लॅट घेतला होता आणि त्याच्या शेजारचा रिकामा होता. "खोली विका, इकडे राहायला या. पण बघायला शुक्रवारीच या हं," असा त्याचा आग्रह.

दादरहून बसने वाशीचा पूल ओलांडला, पुढे रिक्षा. मीटर शोभेपुरता असतो, बसण्याआधीच भाडं ठरवा. पोचलो आणि काय सांगू! निळं आभाळ, खाडीवरचा वारा, वहिनीच्या हातचं कोलंबीचं कालवण. सोनू गच्चीभर धावली तरी एकदाही खोकली नाही. आमच्या ह्यांनी जेवता जेवता खोली विकूनही टाकली, तोंडी. संध्याकाळी निघायचं होतं, पण सोनूने हट्ट धरला म्हणून राहिलो. दादाचा चेहरा पडला. मला वाटलं, कोलंबी संपली असेल.

सकाळी चहाबरोबर सडक्या अंड्यांचा वास आला. समोरच्या काकू ओरडल्या, "वहिनी, दोरीवरचे कपडे काढा, कंपन्या चालू झाल्या!" बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड बंद.

"काल तर वास नव्हता," मी म्हटलं.

"काल शुक्रवार ना," काकू म्हणाल्या, "केमिकलच्या कंपन्यांना सुट्टी. तुमच्या भावाने फ्लॅट बघितला तो पण शुक्रवारीच. टेन्शन नका घेऊ, सवय होते."

सोनूला सवय व्हायच्या आधीच धाप लागली. तिचा दम्याचा पंप परळला राहिलेला. हवापालटाला निघताना पंप कोण घेतं? वहिनी स्वयंपाकघरात धावली आणि डाळीच्या डब्यामागून एक पंप घेऊन आली. हळूहळू सोनूची धाप कमी झाली.

"वहिनी, हा कुणाचा?"

"माझा. इथे राहायला आल्यापासून."

"तेवढं सोडलं तर जागा हवेशीर आहे," दादा म्हणाला.

वहिनीने पिशवी भरली. येताना आम्ही तिला परळला घेऊन आलो, हवापालटाला! खोली अर्थातच विकली नाही. सोनू अजून खोकते, वहिनी मात्र त्याच धुरात पंपाशिवाय झोपू लागली.

पुढच्या शुक्रवारी शेजाऱ्यांच्या फोनवर दादा. "आज ये ना घरी. हवा काय सुंदर सुटलीय!"

वहिनी म्हणाली, "आणि उद्या?"