एसी बंद करून घेतलेली चाचणी

एकतीस वर्षं मी एका कचेरीच्या खरेदी शाखेत काढली. टाचण्यांपासून जनरेटरपर्यंत काय काय घेतलं ते सांगत बसत नाही, पण माझ्या हातून गेलेल्या फायलीवर कधी कुणी बोट ठेवलं नाही, हे मात्र कुणी न विचारताही सांगते. निवृत्तीनंतर हा गुण भाजीवाल्यावर किती वापरणार, असा प्रश्न होता. मग माझ्या मुलीला प्रोसेसर घ्यायचा झाला.

मुलगी आठवडाभर परळला नोकरी करते आणि रविवारी फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत बसून कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या स्पर्धांचं मराठीत समालोचन करते. ती स्वतः खेळत नाही. सामना चालू असताना प्रेक्षक म्हणून आत शिरते, कोण कुठे दबा धरून बसलाय ते दाखवते आणि बोलत राहते. लोक ते आपापल्या मोबाइलवर बघतात. एका स्पर्धेच्या आयोजकांनी तिला दोन रविवार आजमावून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ऐन मोक्याला चित्र गोठलं आणि हिचा आवाज तेवढा पुढे धावत राहिला. तिसरा रविवार शेवटचा, असं त्यांनी कळवलं. जमलं तर अख्खा मोसम तिचा, नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी.

दोष तिचा नव्हता. एकच कॉम्प्युटर खेळही चालवत होता आणि त्याचं चित्र दाबून, लहान करून इंटरनेटवर पाठवतही होता. दोन्ही करताना त्याची दमछाक व्हायची. उपाय एकच, दुसरा कॉम्प्युटर, ज्याने फक्त चित्र पाठवायचं. त्याचा सगळा भार प्रोसेसरवर, आणि तो कुठला घ्यायचा यावर घरात एकमत होईना.

माझा धाकटा भाऊ करी रोडला टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि सल्लेही तिथूनच देतो. तो म्हणाला, सरळ सोळा कोअरचा घ्या, पुढे बघायला नको. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले काम करणारे हात, एवढं मी तोवर शिकले होते. पण ‘पुढे बघायला नको’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच वाक्यावर आमच्या एका साहेबांनी असं अवाढव्य झेरॉक्स मशीन घेतलं होतं की ते दारातून आत येईना. मग ते जिन्याजवळ राहिलं आणि शिपाई त्यावर डबे ठेवू लागले. ती फाईल माझी नव्हती, हेही सांगून ठेवते.

मी कोरा कागद घेतला आणि मुलीला समोर बसवलं. वस्तूचं नाव काढायच्या आधी गरज लिहायची, ही आमच्या शाखेची पद्धत. सलग किती तास काम? सहा. सेकंदाला किती चित्रं? साठ. माईक यंत्रापासून किती लांब? हातभर. खोलीत एसी? हे मी विचारलं नाही, नाही तो नाहीच. शेवटचा रकाना ‘प्रयोजन’. त्यात मी सवयीने लिहिलं, करमणूक.

ती उठून गॅलरीत गेली. मी हाक मारली तर म्हणाली, तूच भर बाकीचं. चिडली की ती ओरडत नाही, असं बोलते. मी बाहेर जाऊन विचारलं, काय झालं.

“आई, मी सहा तास नॉनस्टॉप बोलते. आधीच्या रात्री सगळ्या टीम्सच्या नोट्स काढते. करमणूक बघणाऱ्यांची होते गं. माझं ते काम आहे.”

मला लाज वाटली. चार वर्षं ती माझ्या पाठीमागे, आतल्या खोलीत बोलत होती आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. मी आत आले, ‘करमणूक’ खोडलं, ‘काम’ लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली. कागद तिला दाखवला. ती पुन्हा समोर येऊन बसली.

मंगळवारी दुपारी आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवणारं एक दुकान तिच्या माहितीतलं होतं. दुकानदार दादरचा, बोलायला गोड. चार, आठ आणि सोळा कोअरची तीन यंत्रं त्याच्याकडे जोडलेली होती. तो आकडे सांगू लागला. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. मुलीच्या जुन्या सामन्यातला सगळ्यात धुमश्चक्रीचा भाग त्यात होता, धूर, पाऊस, हलणारं गवत. चित्रात जितकं जास्त हलतं तितकं ते दाबून पाठवणं अवघड, हे तिनेच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, हा भाग रविवारी पाठवायचाय तसाच तिन्हींवर अर्धा अर्धा तास चालवा.

“काकू, असं कोणी टेस्ट करत नाही.”

“मी करते. आणि तो एसी बंद करा.”

त्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने दुसरीकडे पाहिलं. मी त्याला समजावलं की यंत्र राहणार फणसवाडीत, मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, तुमच्या गारव्यात पास होऊन मला काय उपयोग. एसी बंद झाला. दीड तास आम्ही तिघं घामाने निथळत बसलो. मधे त्याने चहा मागवला, तो मात्र मी नको म्हटलं. चाचणी चालू असताना विक्रेत्याचा चहा मी कधीच घेतला नाही.

चार कोअरवाला दहाव्या मिनिटाला मधली मधली चित्रं गाळायला लागला. सोळावाल्याने एकही गाळलं नाही, पण त्याच्या पंख्यांनी अशी घरघर लावली की हातभरावरच्या माइकमध्ये तीच ऐकू आली असती. आठवाल्याने अर्धा तास एकही चित्र न सोडता, जवळजवळ आवाज न करता काढला. मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. दुकानदाराने एसी लावता लावता विचारलं, काकू, तुम्ही कुठे कामाला होता? मी सांगितलं. आयुष्यात इतक्या ऐटीत कधी सांगितलं नसेल.

भावाला फोनवर सगळं कळवलं. तो म्हणाला, ताई, तू पण ना. मी ती दाद समजले.

रविवारी दुपारी बाराला तिने हेडफोन चढवले. मी मागे पलंगावर कागद-पेन घेऊन बसले. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात किती चित्रं गळली त्याचा आकडा दिसतो. दर अर्ध्या तासाने तो टिपायचा, असं मी ठरवलं होतं. साडेबारा, शून्य. एक, शून्य.

मग एका संघाचे तीन गडी पडले आणि उरलेला एकटा पोरगा एका पडक्या घरात अडकला. समोर चौघं. मुलीने आवाज एकदम खाली आणला. कुठल्या खिडकीतून कोण येऊ शकतं, याच्याकडे गोळ्या किती, मागच्या सामन्यात हा असाच अडकला होता तेव्हा काय चुकला, हे ती इतकं शांतपणे सांगत होती की मला तो पोरगा ओळखीचा वाटू लागला. एवढं सगळं तिला माहीत होतं. अडखळली नाही, शब्द शोधला नाही.

सहा वाजता तिने हेडफोन काढले आणि मागे न बघताच विचारलं, “आई, किती गळले?”

माझा कागद एक वाजल्यानंतर कोराच होता. मी तसं सांगितलं. तिने घाईने वाकून पडद्यावर पाहिलं. शून्य. तेवढ्यात आयोजकांचा मेसेजही आला, मोसम तिचा. तो तिने बातम्या वाचाव्यात तसा वाचून दाखवला आणि फोन खाली ठेवला.

“तू आकडा बघत नव्हतीस, मग पाच तास करत काय होतीस?”

“सामना बघत होते. तुझं ऐकत.”

तिचा विश्वास बसला नाही. “मग सांग, त्या एकट्याला मारणारा चौथा कुठून आला?”

“डावीकडच्या पाण्याच्या टाकीमागून,” मी म्हटलं. “तू दोनदा सांगितलं होतंस, त्यानेच मागे पाहिलं नाही.”

मोसम मिळाल्याचं वाचताना जिचा आवाजही हलला नव्हता, ती माझी पोरगी हे ऐकून रडायला लागली.